‘म्हणजे मी बांधकाम आहे का?’

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक चौदा वर्षांची, मुलगा सहाचा. परवा जेवताना लेक म्हणाली, "रेस (वंश) आणि जेंडर दोन्ही सोशल कन्स्ट्रक्ट, म्हणजे समाजाने रचलेल्या गोष्टी आहेत, बायोलॉजी नाही." माझे सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी पुरुष नाही, बांधकाम आहे का?" मुलगा खिदळला, लेक ताटावरून उठून गेली. सासऱ्यांचं म्हणणं, आपण मूळचे आर्य, म्हणजे कॉकेशियनच (गोऱ्यांच्या वंशाचं जुनं नाव), मग शाळेच्या फॉर्मवर रेसच्या रकान्यात भलतं कशाला लिहायचं? नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. "विज्ञान ते विज्ञान" एवढं बोलून तो फोनमध्ये डोकं घालतो. मुलाला गुलाबी बूट हवेत, तो वाद वेगळाच. बरोबर कोण? आणि यांना पुन्हा एका टेबलावर कसं बसवू?

उत्तर: सासऱ्यांचा विनोद चांगला होता, हे आधी मान्य करून टाका. निम्मं भांडण शब्दाचं आहे. समाजाने रचलेलं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे थाप. पण सासऱ्यांना अमेरिकेत राहायला मिळालेली सहा महिन्यांची मुदत तरी कुठे निसर्गाने दिली? माणसांनी ठरवली, उद्या माणसंच बदलतील. म्हणून ती खोटी ठरत नाही. सातव्या महिन्यात राहून बघा म्हणावं! रेस तशी आहे. रक्तात सापडत नाही, पण दारात अडवते.

हे त्यांना पटवायला जनुकांपेक्षा जनगणनेचा इतिहास कामाला येईल. १९३० आणि १९४० च्या अमेरिकी जनगणनेत आपल्या लोकांची रेस होती ‘हिंदू’. तिथला शीख किंवा मुसलमानही त्याच रकान्यात. १९७० मध्ये आपण ‘गोरे’ झालो. १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’. म्हणजे १९२५ साली तिथे जन्मलेल्या भारतीय आईबापांच्या मुलाने कातडी न बदलता तीन रेस पाहिल्या असतील. आणि हे एका देशातलं झालं. ब्रिटनमध्ये नुसतं ‘एशियन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आपण येतो, अमेरिकेत आधी चिनी-जपानी येतात.

‘आम्ही कॉकेशियन’ हा मुद्दा तर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात जाऊन आला आहे. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व ‘गोऱ्या’ माणसालाच मिळे (आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी निराळी तरतूद होती). नोव्हेंबर १९२२ मध्ये कोर्टाने एका जपानी अर्जदाराला सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तुम्ही नाही. थिंद म्हणाले, मग मी आहे, उच्च जातीचा आर्य. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच कोर्टाने, त्याच न्यायमूर्तींच्या लेखणीतून, उत्तर दिलं: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस तुम्हाला गोरा समजत नाही. मिळालेलं नागरिकत्व गेलं. तीन महिन्यांत व्याख्या फिरली, कारण ती शरीरावर उभीच नव्हती. सासऱ्यांना हा किस्सा लेकीनेच सांगू दे.

विज्ञानाचा हवाला देणाऱ्या यजमानांसाठीही थोडं. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांवरून हिशोब मांडला, तेव्हा माणसामाणसांतल्या जनुकीय फरकापैकी सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत निघाला. रेसच्या वाट्याला सहा-सात टक्के आले. फरक आहेतच, पण ते उतारासारखे हळूहळू बदलत जातात, मध्ये कुंपण नाही. कातडीचा रंग सूर्याच्या अतिनील किरणांशी जुळतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मलेरियाच्या मागे जातो, म्हणून तो पश्चिम आफ्रिकेत आहे, ग्रीसमध्ये आहे आणि आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींमध्येही.

मात्र इथे लेकीलाही आवरा. ‘रेस खोटी’ म्हणून साखर तपासायची नाही, असं होत नाही. आपल्याकडच्या लोकांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका जास्त दिसतो. त्यात वाडवडिलांकडून आलेलं काही आहे आणि राहणीमानाचंही आहे. डॉक्टरांना कुटुंबात कुणाला काय होतं ते नीट सांगा, रकान्यापेक्षा ते उपयोगी. मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या सूत्रात अनेक वर्षं कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. २०२१ मध्ये अमेरिकेत त्याविना नवं सूत्र आलं. त्या गुणकामुळे आजार कमी गंभीर दिसायचा आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर व्हायचा.

लेक हुशार दिसते, तेव्हा पुढचा प्रश्न जातीचा येणार. तयारीत राहा. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापं घेऊन जातींना वंशांत बसवायचा प्रयत्न केला होता. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये तो विचारच उधळला: पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातलाच अस्पृश्य वंशाने एक, मद्रासचा ब्राह्मण त्यांच्यापासून वेगळा. जात ही मनाची अवस्था आहे, असं ते म्हणाले. आणि तरी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या नगर परिषदेला जातिभेदावर बंदी घालावी लागली, कारण ती मनाची अवस्था विमानात बसून आली होती. आडनाव ऐकून आपल्या घरात काय बोललं जातं, याची आठवण मी करून देत नाही.

आता जेंडर. इथे दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत आहेत. आजोबा लिंगाबद्दल बोलतात, नात लिंगभावाबद्दल. मराठीत दोन शब्द आहेत, ते वापरले असते तर ताट सुटलं नसतं. गुणसूत्रं, संप्रेरकं, गर्भाशय ही शरीराची गोष्ट. ती कुणी रचलेली नाही, जरी काही माणसांची शरीरं दोनपैकी एका चौकटीत नीट मावत नसली तरी. पण कुणी रडायचं नाही, कुणी मोठ्याने हसायचं नाही, कुणाचं काम ‘मदत’ म्हणवायचं, हे शरीर सांगत नाही; तो लिंगभाव. यजमानांच्याच धंद्यात बघा. फिलाडेल्फियातल्या एनिॲक या सुरुवातीच्या संगणकाचे प्रोग्रॅम १९४५-४६ मध्ये सहा बायकांनी लिहिले, कारण ते काम कारकुनी समजलं जाई. पुढे त्याला प्रतिष्ठा आणि पगार आला, तसं ते पुरुषी झालं.

मात्र वागण्यातल्या फरकांपैकी शरीराचं किती आणि संस्काराचं किती, यावर संशोधकांत खराखुरा वाद आहे. ‘सगळं रचलेलं’ हे लेकीचं वाक्य मला घाईचं वाटतं. शिवाय स्वतःच्या लिंगभावाची जाणीव कितीतरी जणांना आतून पक्की असते. सांगूनही ती बदलत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, हे सासऱ्यांना सांगा. त्यांना हे अमेरिकेतलं खूळ वाटत असेल.

फॉर्मवर ‘एशियन’ किंवा ‘एशियन इंडियन’, जे असेल त्यावर खूण करा. ती रक्ताची ग्वाही नाही, कुणाला डावललं जातंय ते मोजायची वही आहे. टेबलासाठी एकच सुचवते: लेकीला आजोबांसमोर मराठीत मांडायला लावा. इंग्रजीत ती जिंकते, आणि तेच त्यांना बोचतं. मराठीत शब्द शोधताना तिला त्यांचीच मदत लागेल. बसल्या बसल्या ‘खुर्ची’ ती, ‘पंखा’ तो आणि ‘टेबल’ ते का, हेही तिने विचारावं. सासऱ्यांना उत्तर येणार नाही, मलाही येत नाही.

बुटांचं म्हणाल तर, शंभर वर्षांपूर्वी गुलाबी मुलांचा की मुलींचा यावर अमेरिकी दुकानदारांतच एकमत नव्हतं. अर्धं माप मोठे घ्या, सहाव्या वर्षी पाय भराभर वाढतात.