अंतराळातील साम्राज्य आणि रात्रीचे दोन तास

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो. कॉलेजात असताना मित्रांबरोबर ‘स्टारक्राफ्ट’ भरपूर खेळलो. आता पुन्हा अंतराळावरचा एखादा डावपेचांचा गेम घ्यावा असे मनात आहे. ‘स्टेलारिस’, ‘एंडलेस स्पेस २’ आणि ‘सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर’ ही नावे सारखी कानावर पडतात. रात्री जेमतेम दोन तास मिळतात, लॅपटॉप जुना आहे आणि रविवारी धाकटा भाऊही खेळायला बसतो. कोणता घ्यावा?
– एक वाचक, वाकड, पुणे

उत्तर : आपला ‘स्टारक्राफ्ट’चा सराव येथे थोडाच कामी येईल, हे आधी सांगितलेले बरे. १९९८ च्या त्या गेममध्ये अंतराळ बहुतांशी कथेपुरते आहे. डाव रंगतो तो एका नकाशावर आणि हाताच्या वेगावर. आपण विचारलेले तिन्ही गेम ‘फोर एक्स’ या प्रकारातले आहेत. १९९३ मध्ये ‘मास्टर ऑफ ओरायन’विषयी लिहिताना ॲलन एमरिच यांनी हे नाव रूढ केले. शोध, विस्तार, साधनसंपत्तीचा वापर आणि शत्रूचा नायनाट ही त्याची चार अंगे. ती तिघांतही असल्यामुळे केवळ वैशिष्ट्यांची यादी वाचून निवड होत नाही. गेममधला वेळ कसा पुढे सरकतो हे पाहावे लागते.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्सचा ‘स्टेलारिस’ (२०१६) अखंड चालतो, पण स्पेसबार दाबला की सारी आकाशगंगा थांबते आणि आपण निवांत हुकूम देऊ शकता. सुरुवातीचा भाग तर अप्रतिम आहे : शास्त्रज्ञाला घेऊन निघालेले संशोधन जहाज एकेक तारा धुंडाळते, मध्येच एखादी विसंगती सापडते आणि तिच्यातून एखादे नवेच प्रकरण उभे राहते. आरंभी या गेममध्ये प्रवासाच्या तीन पद्धती होत्या. २०१८ च्या मोठ्या अद्ययावतीकरणात सर्वांना ठरलेल्या ‘हायपरलेन’ मार्गांवर आणले गेले. जुने खेळाडू तेव्हा बरेच नाराज झाले, परंतु माझ्या मते तो निर्णय योग्यच होता, कारण त्यामुळे नकाशाला खंबाटकी घाटासारख्या अडवणुकीच्या जागा मिळाल्या आणि नेमक्या ताऱ्यावर तळ मजबूत करून सरहद्द राखण्याला अर्थ आला. मात्र उत्तरार्धात लोकसंख्या वाढते तसा गणनेचा भार वाढतो आणि गेम संथ होत जातो. आपल्या लॅपटॉपवर हे नक्की जाणवेल.

पॅरिसच्या ॲम्प्लिट्यूडचा ‘एंडलेस स्पेस २’ (२०१७) पाळीपाळीने चालतो. पाळी संपवून लॅपटॉप मिटला, तरी दुसऱ्या रात्री धागा चटकन हाती येतो. नोकरदार माणसाला ही मोठीच सोय आहे. यातल्या जमातींना नुसता वेगळा रंग दिलेला नाही, त्यांची राहणीच वेगळी आहे. वोद्यानी ग्रहांवर वसाहत न करता महाकाय नौकांत राहतात आणि त्या ताऱ्यांपाशी नांगरतात, तर अनफॉलन वेलींनी एक तारा दुसऱ्याला जोडत पसरतात. आपल्याला खटकेल ती लढाई : आधी डावपेच निवडायचा आणि मग बघत बसायचे.

‘सिन्स’ (२००८) मध्ये आरमार प्रत्यक्ष हलवता येते आणि प्रमुख युद्धनौका लढाईच्या अनुभवाने बलवान होत जातात, त्यामुळे ‘स्टारक्राफ्ट’ खेळलेल्याला तो सर्वांत जवळचा वाटेल. त्यात कथेची मोहीम नाही आणि मोठ्या नकाशावरचा एक डाव सहज कित्येक तास चालतो.

तेव्हा रोजच्या दोन तासांसाठी ‘एंडलेस स्पेस २’ घ्यावा. रविवारी भावाबरोबर मूळ ‘सिन्स’ लहान नकाशावर खेळावा. तो जुन्या यंत्रावरही चालण्यासारखा आहे. ‘स्टेलारिस’ नवा लॅपटॉप येईपर्यंत थांबू शकतो. पुढे घ्याल तेव्हाही फक्त मूळ गेम घ्यावा. त्याच्या पुरवण्या इतक्या निघाल्या आहेत की सगळ्यांची मिळून किंमत मुळाच्या कितीतरी पट होते, आणि एक डाव पुरा खेळल्याशिवाय त्यांतली आपल्या उपयोगाची कोणती हे कळत नाही.