गाडीचं विचारा : बुटकी सेडान आणि नाशिकचे स्पीडब्रेकर

ह्या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत, छोटी लक्झरी सेडान रोज वापरायला परवडते का. परवडते म्हणजे फक्त पैशानं नाही, जिवाला पण. मी स्वतः सहा वर्षं अशीच एक सेकंडहँड जर्मन गाडी रोज चालवतोय, भाजी आणायला पण तीच, त्यामुळे थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या.

सर, आम्ही दोघं डॉक्टर. घर इंदिरानगरला, क्लिनिक कॉलेज रोडला. मुंबईला महिन्यातनं एखादी चक्कर. दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही तीन-चार वर्षं वापरलेल्या. एक मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन डिझेल आणि दुसरी बीएमडब्ल्यूची टू सिरीज ग्रान कूपे पेट्रोल. मिस्टर म्हणतात डिझेलच घ्यायची, अॅव्हरेज देते. काय करू?

मॅडम, मिस्टरांचं अॅव्हरेजचं गणित बरोबर आहे, पण ते हायवेचं आहे, तुमचं नाही. बीएस६ म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या डिझेलला सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी धरून ठेवते आणि गाडी चांगली तापली, एका लयीत पंधरा-वीस मिनिटं पळाली की ती काजळी आतल्या आत जाळून टाकते, त्याला साधारण ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. आता तुमचा रोजचा रस्ता बघा, इंदिरानगरवरनं निघालात, मुंबई नाक्याला अडकलात, इंजिन कुठे गरम व्हायला लागतंय तोवर क्लिनिक आलं आणि गाडी बंद. संध्याकाळी परत तेच. जाळी भरत जाते, गाडी बिचारी जाळायला सुरुवात करते, तुम्ही मध्येच चावी फिरवता, म्हणजे आता बटण दाबता, आणि न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. गाडी बंद केल्यावर पण फॅन जोरात फिरत राहिला किंवा उभ्या गाडीचा आरपीएम उगाच थोडा वर दिसला तर समजायचं की काम अर्धवट राहिलं. पिवळा दिवा लागेपर्यंत थांबू नका, तसंच विल्होळीच्या पुढे घोटीपर्यंत जाऊन या.

महिन्यातनं एक मुंबई त्याला पुरत नाही हो. आठवड्यातनं एकदा त्र्यंबकला जात असाल तर वेगळी गोष्ट. तुमच्या वापराला पेट्रोल, डोळे झाकून. त्यातला गिअरबॉक्स ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक असतो, त्यामुळे गाडी ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकवू नका, द्वारका चौकात तर अजिबात नको, पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या मग ब्रेक सोडा. मागचा हॉर्न मारेल, मारू दे.

अजून एक, तुमच्या ओळखीतलं कुणीतरी नक्की सांगेल की बीएमडब्ल्यू म्हणजे मागच्या चाकाची ताकद. ही ग्रान कूपे पुढच्या चाकांवर चालते, ए-क्लाससारखीच. रोजच्या वापरात तुम्हाला काडीचा फरक पडत नाही, फक्त लग्नात वाद घालायच्या कामाचं आहे.

राम राम भाऊ. पिंपळगाव बसवंतहून लिहितोय. औंदा द्राक्षाला भाव बरा लागला. २०१८ ची ऑडी ए-४ डिझेल मिळतीये, नव्या बऱ्या एसयूव्हीपेक्षा स्वस्तात. धाकटा भाऊ म्हणतो घे, वडील म्हणतात हत्ती पोसायचाय का. तुम्ही सांगा.

राम राम. वडील अर्धे बरोबर आहेत. गाडीची किंमत एवढ्या वर्षांत उतरली, पण पार्टची किंमत उतरलेली नाही, हेच लोक विसरतात. हेडलाइट फुटला, सस्पेन्शनचा एक आर्म गेला, तर बिल नव्या ऑडीवाल्याला येतं तेवढंच तुम्हाला येणार, दुकानदार काही विचारत नाही की तुम्ही गाडी कितीला घेतली.

धाकट्याचं पण ऐका मात्र. गाडी चांगलीये, डिझेल दमदार आहे, आणि ऑडीनं २०२० मध्ये बीएस६ आल्यावर भारतात डिझेल विकणंच बंद केलं, त्यामुळे ए-४ डिझेल हवी तर जुनीच मिळणार. तुम्हाला हायवे घरासमोरच आहे, डिझेल तुम्हाला शोभतं पण. घ्यायच्या आधी चेसिस नंबर देऊन सर्व्हिसचा सगळा इतिहास काढून घ्या, गिअरबॉक्स ऑइल बदलल्याची पावती मागा, "बदललंय ना भाऊ" ह्या शब्दावर जाऊ नका, आणि चारही टायरवरचा बनल्याचा आठवडा-वर्ष वाचा, चार आकडी असतो, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. टायर जुने असले तर तेवढे पैसे भावातनं कमी करून घ्या. वर वेगळी रक्कम बाजूला ठेवा, गाडीच्या किमतीच्या साधारण दहा टक्के तरी, पहिल्या वर्षात ती लागतेच असा माझा अनुभव आहे.

आणि बागेत जायला ती न्यायची नाही. शिवारातल्या चाकोरीत मधला उंचवटा हिच्या पोटाला लागतो. आमची गाडी एका लग्नाला निफाडकडे शेतातल्या वाटेनं नेली होती, खालचं प्लास्टिकचं कव्हर अर्धं लोंबायला लागलं, ते सुतळीनं बांधून घरी आणली, पाहुण्यांनी फोटो काढले. पिकअप विकू नका एवढंच.

रनफ्लॅट टायर काढून साधे टाकले तर चालतील का? फार आदळते गाडी.

चालतील, पण आधी डिकी उघडून बघा, स्टेपनी आहे का. रनफ्लॅटची बाजूची भिंत कडक असते, म्हणूनच पंक्चर झाल्यावर पण ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाता येतं, आणि त्याच कडकपणामुळे तुमचं कंबरडं मोडतं. साधे टाकलेत की गाडी लोण्यासारखी होते, पण समृद्धीवर रात्री दोन वाजता पंक्चर झालं आणि डिकीत फक्त पंप असेल तर... म्हणजे पंप आणि पंक्चर किट तरी ठेवाच. इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासनं आपण सगळे मुंबईला तिकडूनच पळतो, कसारा घाट वाचतो, पण १२० च्या मर्यादेच्या रस्त्यावर टायरची हवा कमी असेल तर टायर तापतो. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. पंपवाल्याला "पस्तीस टाक" सांगू नका, ते वाचून सांगा.

आईचे गुडघे दुखतात, मागच्या सीटवरनं उठताच येत नाही तिला. उपाय?

उपाय म्हणजे पुढे बसवा, सीट जेवढी वर जाते तेवढी वर, मागे सरकवून. ह्या गाड्यांचं मागचं सीट खाली आणि छप्पर उतरतं, तिथे माणूस बसत नाही, घसरतो. आमच्या आईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, एवढे पैसे देऊन जमिनीवर बसायचं का रे? उत्तर नव्हतं माझ्याकडे.

सोसायटीच्या उतारावर आणि स्पीडब्रेकरला पुढचा बंपर घासतोच. आणि पावसाळ्यात किती पाण्यातनं नेता येते?

स्पीडब्रेकरला सरळ जाऊ नका, तिरकं जा, एका वेळी एक चाक. बेसमेंटच्या उतारावर पण तसंच. २०२७ च्या सिंहस्थासाठी सध्या रस्ते जागोजागी उकरलेत, सकाळचा गुळगुळीत रस्ता संध्याकाळी चर झालेला असतो, त्यामुळे अंधारात नव्या गल्लीत शिरायचंच नाही असा माझा नियम आहे.

पाण्याचं सोपं, फूटपाथ बुडाला असेल तर नाही. ह्या गाड्यांची हवा ओढायची जागा बरीच खाली असते. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं अशी बातमी आली की सराफ बाजारात गाडी नेण्याचा विचार सोडा, रिक्षा करा. तरीही अडकलात आणि इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करायचं नाही, एकदाही नाही, सिलेंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात तो खर्च सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. गाडी ढकलून कडेला घ्या आणि गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा, साखळी लावून ओढणारा आला तर परत पाठवा, कारण तो हुक अडकवायला वाकतो तेव्हा त्याला खाली हात घालायलाच जागा नसते.