उघडे वाय-फाय आणि न विचारलेला प्रश्न

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. नव्या जागेत तुझे स्वतःचे कनेक्शन यायला अजून आठ दिवस आहेत, शेजारच्या कुणाचे तरी पासवर्ड नसलेले वाय-फाय फोनवर दोन रेघांनिशी दिसते आणि तीन दिवस तू ते वापरत आहेस. ही चोरी झाली का, असे तू विचारले आहेस. प्रश्न तीन दिवसांनी का होईना पडला, याचे बरे वाटले. मात्र पत्रात प्रश्न एका ओळीचा आणि समर्थने पानभर आहेत, त्यावरून उत्तराचा अंदाज तुलाही असावा असे दिसते.

‘चोरी’ या शब्दापाशी मी फार थांबणार नाही. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टनुसार पैसे चुकवण्याच्या हेतूने अप्रामाणिकपणे अशी सेवा मिळवणे हा गुन्हा आहे, काही ठिकाणी नेटवर्कमध्ये अनधिकृत प्रवेशाची कलमे लावली जातात, तर पुष्कळ ठिकाणी कुणी दखलही घेत नाही. शिक्षा होईल का, असे तू विचारलेले नाहीस, म्हणून कायदा इथेच सोडतो.

तुझे पहिले समर्थन असे, की लहरी माझ्या खोलीत आपणहून येतात, मी कुठे आणायला गेलो होतो? रेडिओवरचे गाणे खिडकीतून ऐकू आले तर हा युक्तिवाद चालला असता, कारण रेडिओ ऐकणारा काहीच पाठवत नाही. इथे तसे नाही. तुझा फोन शेजाऱ्याच्या राउटरकडे विनंती पाठवतो, राउटर त्याला स्वतःच्या जाळ्यातला एक पत्ता देतो आणि मग दोघांचे दुतर्फा बोलणे सुरू होते. लहरी तुझ्या खोलीत आल्या हे खरे, पण तुझा फोनही त्याच्या घरात जाऊन बोलत आहे.

दुसरे समर्थन अधिक विचार करायला लावणारे आहे: नको असते तर त्याने पासवर्ड लावला नसता का? काही माणसे जाणूनबुजून वाय-फाय उघडे ठेवतात, हे मला मान्य आहे. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या नामवंत सुरक्षातज्ज्ञाने २००८ मध्ये आपण घरचे नेटवर्क मुद्दाम उघडे ठेवतो असे लिहिले होते, आणि ते त्यांना पाहुणचारासारखे वाटत होते. पण जुने कितीतरी राउटर पेटीतून निघायचे तेच पासवर्डाविना, आणि ते जोडून देणारा माणूस दिवे लागलेले पाहून निघून जायचा. कुणाचा राउटर बिघडला म्हणून मागचे बारीक बटण दाबून मूळ स्थितीवर आणला जातो आणि पासवर्ड परत लावायचा राहून जातो. घरात वयस्कर माणूस एकटाच असेल, तर पासवर्ड लावायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेले नसते. दार पाहुण्यांसाठी उघडे आहे, की कडी लावायची राहिली आहे, हे बाहेरून सारखेच दिसते. नेटवर्कच्या नावातच ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिले असेल तर प्रश्न मिटला. तुझ्या पत्रातले नाव मात्र कंपनीने दिलेले, अक्षरे आणि आकडे असलेले आहे. ज्याने नावही बदललेले नाही, त्याने विचारपूर्वक दार उघडे ठेवले असेल, असे मला वाटत नाही. राउटरने हो म्हटले, शेजाऱ्याने नव्हे.

राहिले ‘त्याचे काय जाते?’ हे समर्थन. प्लॅन अमर्याद असला तरी पुष्कळदा ठरावीक डेटा संपल्यावर वेग उतरतो. त्याहून महत्त्वाचे असे, की वाय-फायच्या एका चॅनेलवर एका क्षणी साधारणपणे एकाच उपकरणाला बोलता येते आणि बाकीची पाळीची वाट पाहतात. भिंतीपलीकडच्या फोनला सिग्नल क्षीण मिळतो, म्हणून तो सावकाश बोलतो आणि तेवढाच मजकूर पाठवायला घरातल्या फोनपेक्षा कितीतरी अधिक वेळ पाळी अडवून धरतो. तुझ्या त्या दोन रेघा त्याला अशा महागात पडतात.

पण वेग परत मिळतो. तू खरोखर जे वापरतोस ते त्याचे नाव. राउटरच्या आत दहा उपकरणे असली तरी बाहेरच्या जगाला सहसा एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, दिसतो आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत तो पत्ता ग्राहकाच्या नावावर असतो. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल ज्या आयपी पत्त्यावरून निघाला, त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील एका घरी पोहोचले. तिथले वाय-फाय उघडे होते आणि ते दुसऱ्याच कुणी वापरल्याचे पुढे आले. जर्मनीत २०१० मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात मालक सुट्टीवर गेलेला असताना त्याच्या वाय-फायवरून भलत्यानेच एक गाणे इंटरनेटवर बेकायदा पसरवले. न्यायालयाने नुकसानभरपाई त्याच्यावर लादली नाही, पण राउटरचा मूळ पासवर्ड न बदलल्याचा ठपका त्याच्यावर आलाच. तू असले काही करणार नाहीस, हे मी जाणतो. शेजाऱ्याला मात्र ते जाणण्याची संधीच तू दिलेली नाहीस.

मी हे उंचावरून बोलत नाही. तुझ्या वयाचा असताना मीही असेच एक नेटवर्क चार महिने वापरले. शेजारी निवृत्त गृहस्थ होते. मला संगणकातले कळते म्हणून एके दिवशी त्यांनीच बोलावले: संध्याकाळी मुलीशी बोलताना चित्र सारखे गोठते, जरा बघशील का? त्यांच्या टेबलाशी बसून मी राउटरचे सेटिंगचे पान उघडले. जोडलेल्या उपकरणांची यादी चारच ओळींची होती, आणि दुसऱ्या ओळीत माझा लॅपटॉप होता. त्यांनी चष्मा वर सरकवला, पडद्यावर बोट ठेवले आणि विचारले, “हे दुसरे काय?” मी म्हणालो, “जुनी नोंद राहिली असेल.” मग पासवर्ड लावून दिला. त्यांनी तोंडभरून आभार मानले आणि मी ते घेतले. ते चार महिने मी विसरलो असतो. ते एक वाक्य विसरता आलेले नाही.

म्हणून आज संध्याकाळीच जा. नेटवर्क कुणाचे हे ठाऊक नसेल तर आधी बाजूच्या, मग वरच्या घरी विचार. राउटरच्या पानात शिरून मालकाचा शोध घेऊ नकोस, ते वापरण्याच्याही पुढचे पाऊल होईल. सरळ सांग, की तुमचे वाय-फाय उघडे आहे, माझा फोन त्याला जोडला गेला आणि तीन दिवस मी ते वापरले. ‘तीन दिवस’ गाळू नकोस. आठ दिवस वापरू द्याल का, असे विचार आणि खर्चातला वाटा देऊ कर. काही कंपन्यांच्या अटींमध्ये घराबाहेर कनेक्शन वाटायला मनाई असते, तेव्हा ते त्या कारणाने नाही म्हणाले तर रुसू नकोस. हो म्हणाले, तर पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क आणि त्याला वेगळा पासवर्ड करून दे, म्हणजे आठ दिवसांनी तेवढेच बंद करता येईल. आणि आणीबाणीत, कुणाचा जीव अडचणीत असताना, आधी वापर आणि नंतर सांग. त्यात मला काही गैर दिसत नाही.

तोवर फोनच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कपुढचे ‘आपोआप जोडा’ बंद करून टाक. ते काय म्हणाले, ते कळव.

तुझा,
जुना लॅपटॉपवाला