फाइलमधलं 'वर्षभर प्रयत्न'

"एंडोमेट्रिऑसिस आहे, म्हणजे मला मूल होणारच नाही ना?" माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींच्या मनात हेच असतं. (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं, तो हा आजार.) ३३ वर्षांच्या मेघनाने (नाव बदललं आहे) मात्र तसं विचारलं नाही. तिने फाइल पुढे सरकवली. "मॅडम, मी गोळ्या परत सुरू करू का? निदान दुखणं तरी थांबेल."

शाळेपासून पाळीत जीवघेण्या कळा. 'पाळीत दुखतंच' हे ऐकण्यात कित्येक वर्षं गेली. शेवटी सोनोग्राफीत अंडाशयावर चॉकलेट सिस्ट (या आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) दिसली, तेव्हा कुठे दुखण्याला नाव मिळालं. हार्मोनच्या गोळ्यांनी बरं वाटलं. पण त्या गोळ्या बीज तयार होणंच दाबून ठेवतात, म्हणून मूल हवं असताना बंद कराव्या लागल्या. कळा परत आल्या, दिवस मात्र राहिले नाहीत. या आजारातली खरी कोंडी हीच आहे.

मूल होणारच नाही, असं नसतं. हा आजार असलेल्या अनेकींना आपणहून दिवस राहतात. काहींना उशीर होतो, काहींना उपचार लागतात. दुखणं जास्त म्हणजे आजार जास्त पसरलेला, असंही नाही. मेघना एएमएच या रक्ततपासणीचा आकडा निकालपत्रासारखा धरून बसली होती. तो आकडा बीजांच्या साठ्याचा अंदाज देतो, आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातल्या) इंजेक्शनांना अंडाशय कसा प्रतिसाद देईल हे सांगायला उपयोगी पडतो. आपणहून दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही.

मग मी विचारलं, संबंध कधी येतात? नवऱ्याने सांगितलं, "ॲप सांगतं त्या दिवशी." तो फोन घ्यायला बाहेर गेला आणि मेघना बोलली. संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, बीज सुटण्याच्या सुमारास तर फारच. ती दात दाबून पडून राहते. तिचा चेहरा बघून तो मध्येच थांबतो. तिला वाटत होतं, त्याचं मन उडालं. त्याला वाटत होतं, आपण तिला इजा करतोय. कितीतरी महिने त्या नेमक्या दिवसांत संबंध आलेच नव्हते, आणि फाइलमध्ये मात्र 'वर्षभर प्रयत्न' अशी नोंद! डॉक्टरांनी विचारलं नाही, तिने लाजेपोटी सांगितलं नाही आणि पुढच्या उपचारांची चर्चा त्या नोंदीवर सुरू झाली.

"मुलासाठी एवढं सहन करायलाच हवं ना?" नाही. संबंधातलं दुखणं हा आजाराचाच भाग आहे, डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. शिवाय ॲपचा तो एकच दिवस गाठायची गरज नसते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस. म्हणजे बीज सुटण्याआधीचे दिवसही उपयोगाचे, आणि मेघनाला तेच कमी दुखरे होते. किती खोल, किती वेळ हे तिच्या हातात राहील अशी स्थिती निवडायची, दुखलं तर थांबायचं. आणि हे सगळं दोघांनी दिवसाउजेडी, कपडे घालून बोलायचं. रात्री, ऐन वेळी हे बोलणं होत नाही.

आणखी एक. फाइल चांगली जाडजूड होती, पण त्यात नवऱ्याचा एकही कागद नव्हता. वीर्यतपासणीला सुईसुद्धा टोचावी लागत नाही, तरी ती शेवटी होते आणि बाईचं पोट आधी तपासून होतं. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

सासूबाईंचं म्हणणं होतं, एक मूल झालं की दुखणं पळेल. गरोदरपणात पाळी नसते म्हणून काहींना आराम पडतो, पण नंतर दुखणं परत येऊ शकतं. मूल हे काही औषध नव्हे.

एका डॉक्टरांनी सिस्ट लगेच काढायला सांगितलं होतं. तो निर्णय माझा नाही, पण विचारायचे प्रश्न आम्ही लिहून काढले. हे ऑपरेशन दुखण्यासाठी की दिवस राहावेत म्हणून? सिस्टबरोबर अंडाशयाचा चांगला भाग जाऊन बीजं कमी होतील का? किती महिने वाट बघायची आणि मग आयव्हीएफचा विचार करायचा? बीज सुटण्याच्या दिवसांत कोणती वेदनाशामक गोळी चालेल? (काही गोळ्यांनी बीज सुटायला अडथळा येऊ शकतो, म्हणून हा प्रश्न.)

पुढच्या भेटीला दोघं डॉक्टरांकडे एकत्र गेले. संबंधातल्या दुखण्याचं मेघनाने स्वतः सांगितलं. नवऱ्याच्या तपासणीत शुक्राणूंची हालचाल कमी निघाली. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढत नाहीत, त्यामुळे काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा होईल. तोवर ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी बाजूला ठेवला आहे.