फ्लॅट फोडायच्या आधी एवढं वाच

अरे बाळा,

तू पाठवलेले फोटो बघितले आणि तो वहीच्या पानावर काढलेला प्लॅन पण. बेळगावच्या टिळकवाडीतला पहिला मजला, दार उघडलं की लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूला खोल्यांची दारं, सगळी बंद, आणि दुपारी बाराला ट्यूब चालू. असले प्लॅन ऑफिसात इतके बघितलेत की बाकीचं तू लिहिलं नसतंस तरी चाललं असतं.

पण ते "सगळ्या भिंती पाडून एकच मोठा हॉल" काय लिहिलंयस, ते जरा बाजूला ठेव.

आधी घण न लावता किती उजेड येतो ते बघ. तुझ्या हॉलच्या बाल्कनीला आधीच्या मालकाने अॅल्युमिनियमचं स्लायडिंग बसवलंय आणि त्याला काळी काच, ती काढ. बेडरूमच्या खिडकीसमोर अर्ध्यावर कपाट उभं आहे, ते हलव. पॅसेजवरचा लॉफ्ट तोड, त्यात काय आहे, जुनी भांडी आणि कूलरचं खोकं ना? छत पांढरं कर, पण चकचकीत नको, मॅट. एवढं करून पंधरा दिवस तिथं राहा, सकाळी कुठं ऊन येतं, चारला कुठं असतं ते भिंतीवर खडूने लिही, आणि मग पाडायचं काय ते ठरव. बऱ्याच जणांचं अर्धं काम इथंच होतं, फक्त त्यात दाखवण्यासारखं काही नसतं म्हणून कुणी करत नाही.

आपल्या शहापुरातली जुनी घरं आठव. सोपा म्हणजे पुढची बसायची खोली, मग माजघर, सैपाकघर, मागे परडं. भिंती होत्याच की, चांगल्या जाडजूड, पण दारं एका रेषेत, त्यामुळे सोप्यात बसलेल्या माणसाला परड्यातला उजेड दिसायचा आणि मधे अंधार वाटला तर वर एखादं काचेचं कौल. कुणी हाक मारली की शेवटपर्यंत ऐकू जायची. मला तुझ्या घरात तेवढंच करायचंय, एका टोकाच्या उजेडापासून दुसऱ्या टोकाच्या उजेडापर्यंत नजर गेली पाहिजे. तुझी बाल्कनी पूर्वेला आणि सैपाकघराची युटिलिटी, म्हणजे भांडी-धुण्याची जागा, पश्चिमेला, मधे हॉल आणि सैपाकघराची एकच भिंत आहे. ती एक पाड. बेडरूमच्या भिंतींना हात लावू नको, फार तर त्यांच्या दारांवर छतापर्यंत काचेचे झरोके कर, पॅसेजला तेवढा उजेड पुरतो.

आजी तुमच्यात राहणार आहे ना? दुपारी तिला दार लावून झोपायला खोली लागेल, तुझ्या बहिणीची पुढच्या वर्षी दहावी, पाहुणे आले की कुणाला तरी साडी बदलायला आडोसा लागतो. एकच हॉल केलेल्या घरात वर्षभरात पडदे लागलेले मी बघितलेत.

आता ती भिंत कसली आहे ते. बिल्डिंग आरसीसी फ्रेमची असेल, म्हणजे वजन कॉलम-बीमवर, तर मधली साडेचार इंची भिंत बहुतेक नुसती आडोशाची असते. पण जुन्या दोन-तीन मजली बिल्डिंगांत ९ इंची विटेच्या भिंतीवरच स्लॅब बसवलेला असतो आणि ती काढली तर वरच्याच्या फरशीला तडे जातात, किंवा त्याहून वाईट. दाराच्या चौकटीपाशी जाडी मोज, छताला बीम दिसतो का बघ, पण हे सगळं तुझ्या माहितीसाठी, निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, गवंड्याचा नाही. गवंडी "काय होत न्हाई" म्हणतो, तो सगळ्यालाच तसं म्हणतो. आणि कर्नाटकचा १९७२ चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा आहे, बिल्डिंगच्या मजबुतीला धोका येईल असं काम बाकीच्या सगळ्या मालकांच्या संमतीशिवाय करता येत नाही, तेव्हा असोसिएशनला आधी लेखी कळव, महापालिकेची परवानगी लागते का ते इंजिनिअरलाच विचार.

पाडताना वरून खाली, कडेला कटर मारून घ्यायचं, आणि विटांचा ढीग स्लॅबवर एका जागी साठू द्यायचा नाही, रोजच्या रोज पोती भरून खाली. भिंतीतल्या वायरींचे पाइप आधी शोधून बंद करून घे. भिंत गेली की फरशीत पट्टा उघडा पडतो, जुन्या मोझाइकला जुळणारी फरशी शोधत फिरू नको, सरळ कडप्प्याची पट्टी घाल, छान दिसते.

सैपाकघराची दिशा मात्र विचार करायला लावते. आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा येतो, गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ना बेळगावला, पण तुझं सैपाकघर नेमकं पश्चिमेला, म्हणजे सुक्या बोंबलाचा वास थेट सोफ्यावर. म्हणून तिथं पूर्ण उघडं नको, रुंद काचेचं सरकतं दार कर, एरवी उघडं, फोडणीला बंद. चिमणीचा पाइप बाहेरच काढायचा, आतल्या आत फिरवणारी घेऊ नको. आणि मोरी, संडास, बाथरूम आहे तिथंच राहू दे, पाइपचा उतार आणि खालच्याचं छत दोन्ही आपल्या हातात नसतात.

पश्चिमेची खिडकी मोठी करायची तर रुंदीपेक्षा उंचीकडे बघ, उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या साधारण दोन-अडीचपट आत जातो, म्हणजे वरची कड ७ फुटांवर असली तर १४ ते १७ फूट. फक्त मधे लिंटेल, म्हणजे खिडकीवरचा आडवा बीम, आहे का ते बघूनच. वर चांगला रुंद छज्जा हवा, जून ते सप्टेंबर तिकडूनच सपकारा येतो. त्या बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलंस तर श्रावणापर्यंत कपड्यांना बुरशी.

काम दिवाळीनंतर काढ. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही, रंगवाला मात्र वाळलं म्हणून मोकळा होतो. आणि साइटवर एक मराठी, दोन कन्नड, पीओपीवाला हिंदी असतातच, तोंडी सांगू नको, मापं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिही, स्विच कुठं, दार कुणीकडे उघडतं, सगळं.

इंजिनिअरचा नंबर आईला देते. तो येऊन बघून जाईपर्यंत गवंड्याला अॅडव्हान्स देऊ नको, मागितला तरी.

मावशी