स्पार्कस्टेशन ५ वर ओपनबीएसडी: बूट फ्लॉपी अर्ध्यात रीड एरर देते, काय करावं?

सनच्या जुन्या स्पार्कस्टेशन ५ संगणकावर ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची आहे, सीडी ड्राइव्ह नाही, इमेज (पूर्ण फ्लॉपीची एका फाइलमधली प्रत) फ्लॉपीवर लिहिली आहे आणि बूट होता होता रीड एरर येतो, असं तुम्ही लिहिलंय. माझा पहिला संशय फ्लॉपीवर आणि ती लिहिणाऱ्या ड्राइव्हवर आहे, सनच्या मशिनवर नाही.

त्याआधी इमेज बरोबर आहे ना ते बघा. ३२-बिट स्पार्क प्रोसेसरसाठी ओपनबीएसडी ५.९ ही शेवटची आवृत्ती (२०१६). तिच्या 'स्पार्क' फोल्डरमधलीच फ्लॉपी इमेज घ्या. 'स्पार्क६४' मधली सनच्या ६४-बिट अल्ट्रा मशिनांसाठी असते, इथे ती चालत नाही.

आता लिहिणं. इमेज फाइल फ्लॉपीवर नुसती कॉपी करून उपयोग नाही, ती पहिल्या सेक्टरपासून जशीच्या तशी उतरावी लागते. लिनक्सवर डीडी (dd) ही कमांड वापरा आणि ब्लॉक साइज, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, १८के ठेवा. १८ सेक्टर गुणिले २ बाजू गुणिले ५१२ बाइट म्हणजे एक पूर्ण सिलिंडर, आणि असे ८० सिलिंडर मिळून १४,७४,५६० बाइट होतात. फ्लॉपी ड्राइव्ह यूएसबीचा असेल तर लिनक्समध्ये तो एफडी० (fd0) म्हणून नाही, एसडीबी (sdb) वगैरे नावानं दिसतो. एंटर दाबण्यापूर्वी एलएसबीएलके (lsblk) या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये १.४ एमबीचं डिव्हाइस कोणतं ते नक्की करा, नाहीतर हार्ड डिस्कच पुसली जाईल.

लिहून झालं की फ्लॉपी बाहेर काढा, परत घाला, आणि मगच वाचून सीएमपी (cmp) या फाइली ताडणाऱ्या कमांडनं इमेजशी ताडून बघा. न काढता ताडलंत तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीतलीच प्रत दाखवू शकतो आणि खराब फ्लॉपीही पास होते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. एक जरी बॅड सेक्टर निघाला तरी ती फ्लॉपी बाजूला ठेवा. दोन्ही कोपऱ्यांत भोकं असलेली एचडी फ्लॉपीच घ्या. ७२० केबीच्या फ्लॉपीला भोक पाडून काम भागत नाही, तिचा चुंबकीय थरच वेगळा असतो.

पीसीवर नीट वाचली जाते पण सनवर नाही? मग एका ड्राइव्हचं हेड सरकलेलं किंवा मळलेलं आहे. सनच्या ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तरीही नाही जमलं तर दुसऱ्या पीसी ड्राइव्हवर नवी फ्लॉपी लिहा.

बूट करताना सनच्या कीबोर्डवर स्टॉप आणि ए एकत्र दाबून 'ओके' (ok) प्रॉम्प्टवर या आणि 'बूट फ्लॉपी' (boot floppy) द्या. फक्त '>' दिसलं तर आधी 'एन' (n) टाइप करा. ड्राइव्हला बटण नसेल तर फ्लॉपी काढायला 'इजेक्ट फ्लॉपी' (eject floppy), आणि अडकलीच तर भोकात सरळ केलेली पेपरक्लिप.

फ्लॉपीवर फक्त कर्नल आणि इन्स्टॉलर मावतो, बाकीचे सेट (सिस्टिमच्या उरलेल्या फाइलींचे गठ्ठे) नेटवर्कवरून एचटीटीपीनं घ्यावे लागतात. म्हणून मशिन सुरू होताना दिसणाऱ्या बॅनरमधला इथरनेट पत्ता (नेटवर्कवरची मशिनची ओळख) बघून ठेवा. त्यात सगळे एफएफ (ff) दिसले तर हा पत्ता जपून ठेवणाऱ्या एनव्हीरॅम चिपमधली बॅटरी संपली आहे. तो पत्ता आधी दुरुस्त करा, नाहीतर इन्स्टॉलर सुरू होऊनही सेट उतरवताना अडकाल.