परदेशात घेतलेल्या कॅमेऱ्याची वॉरंटी

प्रश्न : भाच्याने जर्मनीतल्या दुकानातून घेतलेला मिररलेस कॅमेरा 9 महिन्यांपूर्वी मला भेट दिला. आता शटर मध्येच अडकते आणि स्क्रीनवर एरर येतो. इथले सर्व्हिस सेंटर दुरुस्तीचे पैसे मागते. बिल भाच्याच्या नावावर आहे. काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सेंटरशी भांडण्यात वेळ घालवू नका. कंपनीची बॉडीवरची, म्हणजे लेन्स सोडून मूळ कॅमेऱ्यावरची, वॉरंटी बहुधा विक्रीच्या प्रदेशापुरतीच असते. लेन्सचे वॉरंटी कार्ड मात्र वेगळे वाचा. काही लेन्सना जगभर वॉरंटी असते.

तुमचा भक्कम हक्क दुकानाकडे आहे. युरोपीय संघात मालातल्या मूळ दोषाला विक्रेता 2 वर्षे जबाबदार असतो. जर्मनीत याला ‘गेवेअरलाइस्टुंग’ म्हणतात. कंपनीची ‘गारांटी’ निराळी. 2022 पासूनच्या खरेदीत पहिल्या 12 महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच धरला जातो, तसे नसल्याचे दुकानाने सिद्ध करायचे. वर्ष उलटले की ते ओझे ग्राहकावर येते. म्हणून आजच हलायला हवे.

आधी पूर्ण चार्ज केलेली दुसरी बॅटरी आणि दुसरी लेन्स लावून पाहा, सेटिंग रीसेट करा. तरीही शटर अडकले तर त्याचा व्हिडिओ घ्या. त्याच व्हिडिओत बॉडीवरचा सीरियल नंबर दिसू द्या. दुकानाला ईमेल भाच्यानेच करावा, कारण ग्राहक तो आहे. आणि कृपा करून कॅमेरा गल्लीतल्या कारागिराकडे उघडू नका. स्क्रूवर ओरखडा दिसला की दुकानाला नकाराचे निमित्त मिळते.

पाठवण्यात खरी मेख आहे. कुणी जर्मनीला जाणारे असेल तर कॅमेरा त्यांच्या हाती द्यावा. निघताना विमानतळावर कस्टम्सकडून सीरियल नंबरसह एक्सपोर्ट सर्टिफिकेट (कॅमेरा इथूनच नेल्याचा दाखला) घ्यावे. कुरियरने पाठवायचा असेल तर बॅटरी, मेमरी कार्ड आणि पट्टा काढून ठेवा, माउंटला (लेन्स बसते त्या तोंडाला) बॉडी कॅप, म्हणजे झाकण, लावा, आणि कागदांवर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असे सीरियल नंबरसह स्पष्ट लिहा. तसे असले तर परत येताना ड्यूटी दुरुस्तीचा खर्च, विमा आणि दोन्ही बाजूंचे भाडे यांवर मोजली जाते, कॅमेऱ्याच्या पूर्ण किमतीवर नाही. तिकडच्या कस्टम्सलाही हेच सांगावे लागते.

दुकानाने दुरुस्तीऐवजी नवा कॅमेरा दिला तर सीरियल नंबर जुळत नाही आणि ही सवलत अडते. तेव्हा दुरुस्तीच मागा. नवाच मिळाला तर तो भाच्याकडे राहू द्या, भारतात येताना आणेल.

इथल्या सेंटरचा लेखी अंदाज जरूर घ्या. तो दोन्ही बाजूंच्या कुरियर आणि विम्यापेक्षा कमी असेल, तर सरळ इथेच पैसे भरून दुरुस्त करून घ्या.

प्रश्न : जपानमध्ये सोनीचा कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : जपानच्या बाजारासाठीच्या सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानीत असतो. दुकानातच कॅमेरा सुरू करून भाषांची यादी उघडा. इंग्रजी नसेल तर घेऊ नका. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख पाहा, आणि ते जपानबाहेर चालते का हे पैसे देण्याआधीच विचारा. चार्जरची चिंता नको : त्यावर 100–240 व्होल्ट लिहिलेले असेल तर फक्त पिन बदलायची अडॅप्टर लागते.